रेल्वेचा खेळाडू, मैदानाचा मास्तर

प्रदीपकुमार बॅनर्जी २० मार्च २०२० रोजी कोलकात्यात निवर्तले. दोनच दिवसांनी देशभर जनता कर्फ्यू पाळला गेला आणि त्याच आठवड्यात टाळेबंदी सुरू झाली. रुग्णांचे आकडे मोजण्याच्या त्या दिवसांत एका वृद्ध फुटबॉलपटूच्या निधनाची बातमी मागे पडली, यात नवल नाही. पुढे ३० एप्रिलला चुनी गोस्वामी गेले आणि १६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुलसीदास बलरामही गेले. १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघाची आघाडी म्हणजे प्रामुख्याने हे तिघे. त्या फळीतील एकही आता आपल्यात नाही.

‘पी. के.’ या दोन अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या बॅनर्जींविषयी त्या वेळी जे लिहिले-बोलले गेले, त्यात मेलबर्न, रोम आणि जाकार्ता ही तीन नावे ठळक होती. ती असणे योग्यच होते. पण पी. के. देशासाठी खेळले ते जेमतेम बारा वर्षे. शिकवत राहिले ते त्याच्या दुपटीहून अधिक. या दीर्घ अध्यापनाची बोळवण बहुतेकांनी ‘व्होकल टॉनिक’ या दोन शब्दांवर केली. सामन्याआधी खेळाडूंना चेतवणारी भाषणे करणारा एक वाक्चतुर गृहस्थ, एवढीच त्यांच्या प्रशिक्षकपदाची ओळख उरावी, हा त्यांच्यावर अन्याय आहेच. शिवाय त्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्नही झाकला जातो. असा शिक्षक आपल्याकडे घडला कसा, कोणत्या व्यवस्थेने त्याला घडवले, आणि ती व्यवस्था आज कोठे आहे?

पी. केंचा जन्म २३ जून १९३६ चा, उत्तर बंगालमधील जलपायगुडीचा. पुढे कुटुंब जमशेदपूरला आले आणि त्या पोलादनगरीतच त्यांचा खेळ आकाराला आला. वयाच्या पंधराव्या वर्षी ते बिहारच्या संघातून संतोष करंडकाच्या स्पर्धेत उतरले. १९५४ साली कोलकात्याच्या आर्यन क्लबाने त्यांना बोलावले आणि दुसऱ्याच वर्षी ते ईस्टर्न रेल्वेच्या संघात दाखल झाले. १९५५ सालीच ढाक्याच्या चौरंगी स्पर्धेत त्यांनी भारताचा पोशाख चढवला. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते.

येथे थोडे थांबले पाहिजे. कोलकात्याच्या मैदानावर त्या काळी मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग ही तीन संस्थाने होती. नामांकित खेळाडूने यांपैकी एकाचे छत्र धरायचे, हा अलिखित नियमच होता. फुटबॉल नावापुरता हौशी असला तरी मोठे क्लब खेळाडूंना काय देतात, हे सर्वांना ठाऊक असलेले गुपित होते. असे असता देशातील सर्वोत्तम उजव्या बगलेचा आघाडीपटू अखेरपर्यंत रेल्वेच्या संघातच राहिला. लीगमध्ये ना त्याने मोहन बागानचा हिरवा-तांबडा सदरा घातला, ना ईस्ट बंगालचा तांबडा-सोनेरी. या निष्ठेची स्तुती पुष्कळ झाली आहे. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला हाती पडणाऱ्या पगाराची किंमत ज्यांना कळते, त्यांना या निष्ठेचा अर्थ भाबड्या कौतुकापलीकडे जाऊन उमजेल. क्लबांचा पैसा गुडघा दुखावला की आटतो; रेल्वेची नोकरी गुडघ्यावर अवलंबून नसते. निष्ठा होतीच, पण त्या निष्ठेला उभे राहायला पायाखाली जमीनही होती.

आणि हा रेल्वेचा संघ दुय्यम नव्हता. १९५८ साली ईस्टर्न रेल्वेने कोलकाता लीग जिंकली. तीन बड्यांच्या बाहेरच्या संघाने लीग जिंकण्याचा पुढचा प्रसंग उगवला तो थेट २०१९ साली, पीअरलेस संघाच्या विजयाने. म्हणजे मध्ये एकसष्ट वर्षे गेली. रुळांवरची आणि कचेरीतली नोकरी करणाऱ्यांच्या संघाने काय करून दाखवले होते, हे या एका आकड्यावरून ध्यानात यावे.

खेळाडू म्हणून पी. केंचे मोठेपण सर्वश्रुत आहे, तेव्हा त्याचा विस्तार नको. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतली होती, त्यामुळे हा चौथा क्रमांक एकाच विजयावर मिळालेला आहे, हे आपण सहसा सांगत नाही. पण तो विजय यजमान ऑस्ट्रेलियावर ४-२ असा होता आणि त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उजव्या बगलेने धावत जाऊन गोलासमोर चेंडू आणून देण्याचे काम पी. केंचे होते. बगलेच्या खेळाडूचा धर्मच असा की, त्याचे श्रम दुसऱ्याच्या नावावर जमा होतात. चार वर्षांनी रोमला पी. के. कर्णधार होते. फ्रान्सविरुद्ध त्यांनी गोल केला आणि सामना संपायला थोडा वेळ उरला असता फ्रान्सने बरोबरी साधली. तो १-१ चा निकाल आजही आपल्याला विजयासारखा वाटतो, यातच आपली पुढची कहाणी आली.

जाकार्ता मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पी. के. शिक्षक झाले त्याचे बीज तेथे आहे. १९६२ च्या त्या आशियाई स्पर्धेत इंडोनेशियाने तैवान आणि इस्रायल यांना प्रवेश नाकारला. आशियाई क्रीडास्पर्धांच्या कल्पनेचे जनक गुरुदत्त सोंधी यांनी त्याला हरकत घेतली, तेव्हा सारे जाकार्ता भारतावर उलटले. आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला. भारतीय खेळाडू मैदानात उतरले की एक लाख माणसांच्या तोंडून हुर्यो उठे. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असे हरवले होते. थायलंडविरुद्ध जर्नेलसिंगचे डोके फुटले आणि त्याला टाके पडले. अशा स्थितीत अंतिम फेरीत पुन्हा तोच कोरिया समोर आला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी बचावफळीतल्या जर्नेलसिंगला बांधलेल्या डोक्यानिशी आघाडीवर धाडले. पहिला गोल पी. केंनी केला, दुसरा जर्नेलसिंगने, आणि भारताने २-१ असा सामना जिंकला.

हे रहीम मूळचे हैदराबादचे शाळामास्तर. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप नेला. जाकार्ताला ते गेले तेव्हा त्यांना कर्करोग झालेला होता. सुवर्णपदकानंतर नऊ महिन्यांनी, जून १९६३ मध्ये ते वारले. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी खेळाडूंना जवळ बोलावून एक भेट मागितली, ही आठवण त्या संघातील मंडळी आयुष्यभर सांगत राहिली. मोठ्याने न बोलता, आज्ञा न करता, मागणे मागून मुलांकडून काम करवून घेणारा तो मास्तर होता. पी. केंनी पुढे ड्रेसिंगरूममध्ये जे केले त्याचा पहिला धडा त्यांना येथे मिळाला, असे मानायला जागा आहे.

दुखापतींमुळे १९६७ साली पी. केंचे खेळणे थांबले. त्या वेळी आपल्याकडे निवृत्त खेळाडूचे भवितव्य ठरलेले असे. त्याने कचेरीत बसावे, निवड समितीच्या बैठकांना जावे आणि सत्कारात हार घालून घ्यावेत. पी. के. वयाच्या तिशीनंतर पुन्हा विद्यार्थी झाले. १९६९ साली जपानमध्ये जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रॅमर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रशिक्षणाचा रीतसर अभ्यासक्रम पुरा केला. ज्या जपानला १९६२ साली आपण २-० असे हरवले होते, त्याच जपानने क्रॅमर यांच्या शिकवणीच्या बळावर १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले होते. कालच्या पराभूताकडे शिकायला जाण्यासाठी मन मोठे लागते. आपल्या क्रीडाक्षेत्रात ते फार थोड्यांपाशी आढळते.

परत येऊन त्यांनी काय साधले, हे १९७० सालीच दिसले. बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या प्रशिक्षणाची धुरा जी. एम. एच. बाशा यांच्याबरोबर त्यांच्याकडे होती आणि सय्यद नईमुद्दीन कर्णधार होते. कांस्यपदकाच्या सामन्यात भारताने जपानला १-० असे नमवले. आशियाई स्पर्धेतील पुरुषांच्या फुटबॉलमध्ये भारताने मिळवलेले ते शेवटचे पदक. त्याला आता अर्धशतक उलटून गेले आहे.

त्यानंतर आले ते कोलकात्याच्या क्लबांचे पर्व. १९७२ ते १९७५ पी. के. ईस्ट बंगालकडे होते. पहिल्याच वर्षी लीग, शील्ड आणि ड्युरँड ईस्ट बंगालने जिंकले आणि रोव्हर्स कप मोहन बागानसह वाटून घेतला. १९७३ मध्ये शील्डच्या अंतिम सामन्यात उत्तर कोरियाहून आलेल्या प्याँगयाँगच्या संघाला ३-१ असे हरवले. १९७५ साली त्याच शील्डसाठी मोहन बागानशी गाठ पडली आणि ईस्ट बंगालने ५-० असा विजय मिळवला. दोन गोल श्याम थापाचे होते. त्या रात्री कोलकात्यात अनेक घरी चूल पेटली नाही असे म्हणतात. एका तरुण समर्थकाने जीव दिला, हे मात्र दुर्दैवाने खरे आहे. फुटबॉलवरच्या प्रेमाची ही बाजू गौरवाने सांगण्यासारखी नाही. पण ज्या शहरात खेळ इतका जिवाला लागलेला होता, तेथे १९७६ साली पी. केंनी थेट पलीकडचा किल्ला, म्हणजे मोहन बागान गाठला आणि कोणी त्यांना गद्दार म्हणाले नाही. ते आयुष्यभर रेल्वेचे राहिले होते, म्हणूनच दोन्ही घरी त्यांना मास्तराचा मान मिळाला. दोन्ही वाड्यांत शिकवणीला जाणाऱ्या गुरुजींसारखे त्यांचे स्थान होते.

मोहन बागानमध्येही तेच घडले. १९७६ च्या लीगमध्ये ईस्ट बंगालविरुद्ध महंमद अकबरने सतराव्या सेकंदाला गोल केला, तो विजय या नव्या पर्वाची नांदी ठरला. सप्टेंबर १९७७ मध्ये न्यूयॉर्कचा कॉस्मॉस संघ ईडन गार्डन्सवर उतरला. त्यात साक्षात पेले होते. पावसाने चिखल झालेल्या त्या मैदानावर मोहन बागानने २-२ अशी बरोबरी साधली. पेलेंचे उतारवय, चिखल आणि प्रदर्शनीय सामन्याचा सैलपणा हे सारे हिशेबात घेऊनही एक गोष्ट उरते. त्याआधी लीगमध्ये ईस्ट बंगालकडून हरून टीकेचा धनी झालेला तो संघ त्या सामन्यानंतर निराळाच झाला. त्या मोसमात त्याने शील्ड, रोव्हर्स आणि ड्युरँड ही तिन्ही विजेतेपदे मिळवली. पी. केंच्या संघांनी त्या दशकात कूपरेजवर जे फुटबॉल दाखवले ते पाहिलेली पिढी मुंबईत अजून आहे, आणि रोव्हर्स कपाचे नाव काढताच तिचा गळा दाटून येतो. १८९१ साली सुरू झालेली ती स्पर्धा या शतकाच्या प्रारंभी बंद पडली.

कोणी म्हणेल, देशातले उत्तमोत्तम खेळाडू या दोन क्लबांनी पैसा टाकून गोळा केलेले असत. त्यांना जिंकून देण्यात प्रशिक्षकाचे काय मोठे कर्तृत्व? आक्षेप रास्त आहे. हबीब, सुधीर कर्मकार, गौतम सरकार, सूरजित सेनगुप्ता यांच्यासारखी माणसे हाताशी असता निम्मी लढाई जिंकलेलीच असते. पण उरलेली निम्मी कशी जिंकली, याचा नमुना सुभाष भौमिक यांच्या रूपाने दाखवता येतो. मोहन बागानने ओवाळून टाकलेल्या या धिप्पाड आघाडीपटूला पी. केंनी १९७३ साली ईस्ट बंगालमध्ये घेतले, त्याच्याकडून कष्ट करून घेतले आणि त्याला पुन्हा देशातल्या पहिल्या प्रतीच्या खेळाडूंत नेऊन बसवले. भौमिक स्वतःही पुढे प्रशिक्षक झाले. २००३ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली ईस्ट बंगालने आग्नेय आशियातील क्लबांची ‘आसियान’ स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात थायलंडच्या संघाला ३-१ असे हरवले, त्यात एक गोल भायचुंग भुतियाचा आणि एक गोव्याच्या अल्विटो डिकुन्हाचा होता. आणि सामना झाला जाकार्तात! गुरूने जेथे सुवर्ण जिंकले त्याच शहरात एकेचाळीस वर्षांनी शिष्याच्या संघाने करंडक उचलला. भौमिकही जानेवारी २०२२ मध्ये गेले.

आता त्या ‘टॉनिका’कडे वळू. बोलून सामने जिंकता येत नाहीत, हे शेंबडे पोरही जाणते. शिक्षकांना तर ते सांगायलाच नको. वर्गात चाळीस मुलांना एकच धडा एकाच वेळी सांगितला जातो, पण तो चाळीस रीतींनी पोचवावा लागतो. एकाला धाक लागतो, दुसऱ्याला पाठीवर हात. तिसऱ्याला काहीच न बोलता सोडून देणे हेच औषध असते. पी. केंची हातोटी ही होती. कोणत्या खेळाडूच्या घरी काय चालले आहे, कोण कशाने दुखावला आहे, कोणाचा स्वाभिमान कोठे आहे, याची त्यांना बारीक माहिती असे. मग सामन्याआधीचे ते प्रसिद्ध भाषण म्हणजे आठवडाभर चाललेल्या शिकवणीचा शेवटचा तास असे. पत्रकारांना तेवढाच तास दिसला, कारण त्यात नाट्य होते. पहाटेची धावपळ, चेंडूवरचे हजारदा गिरवलेले काम आणि रेंगाळणाऱ्याला पुन्हा मैदानात पिटाळणे यांची बातमी होत नाही.

१९९७ चा तो गाजलेला सामना या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. फेडरेशन कपाच्या उपान्त्य फेरीत १३ जुलै रोजी सॉल्ट लेकच्या मैदानावर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर आले. सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक हजर होते. मोहन बागानचे प्रशिक्षक होते अमल दत्त, आणि त्यांच्याविषयी आदराने लिहिले पाहिजे. स्वतःच्या हिमतीवर इंग्लंडला जाऊन प्रशिक्षण शिकून आलेला, नोकरीचा आधार सोडून केवळ प्रशिक्षणावर पोट भरण्याचा धोका पत्करलेला आणि बंगालच्या खेड्यांतून प्रोजेक्टर घेऊन फुटबॉलचे चित्रपट दाखवत हिंडलेला हा विलक्षण माणूस. त्या वर्षी त्यांनी ‘डायमंड’ नावाची आक्रमक रचना आणली होती आणि संघ गोलांचा पाऊस पाडत होता. विजयाच्या भरात त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंच्या नावांची वर्तमानपत्रांतून थट्टा केली. भायचुंगचे ‘चुंगचुंग’ झाले. पी. केंनी जाहीर उत्तर दिले नाही, आपल्या खेळाडूंनाही देऊ दिले नाही असे सांगतात. ईस्ट बंगालने सामना ४-१ असा जिंकला आणि भायचुंगने तीन गोल केले. फळ्यावरच्या आकृतीने ज्या मुलाला गृहीत धरले नव्हते, तो मुलगा त्या दिवशी खेळला. तरीही अमल दत्तांचे पारडे सर्वस्वी हलके होते, असे म्हणवत नाही. आकृतीचा विचार करणारी माणसे आपल्याकडे फारच थोडी झाली, आणि पी. केंच्या यशाच्या झगझगाटात त्यांची उपेक्षा झाली हेही खरे.

पी. केंच्या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत घरच्या मैदानावर भारताने बांगलादेश आणि मलेशिया यांना हरवले, चीनशी २-२ बरोबरी केली आणि उपान्त्यपूर्व फेरीत अगदी अखेरच्या क्षणी सौदी अरेबियाकडून एका गोलाने हार खाल्ली. संघ पी. केंचा होता. विसाव्या वर्षी हाती आलेल्या खेळाडूला दोन-तीन महिन्यांच्या शिबिरात चेतवता येते. दहाव्या वर्षी त्याला जे शिकवायचे राहून गेले, ते भरून काढता येत नाही. शाळांना मैदाने नाहीत, जिल्ह्यांना प्रशिक्षक नाहीत, आणि तेलाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या देशांनी मात्र मुलांपासून आरंभ केलेला. या दरीवर शब्दांचा पूल टाकता येत नव्हता. पी. केंनाही ते उमगले असावे. १९९१ ते १९९७ या काळात ते जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीचे तांत्रिक संचालक होते. ज्या गावाने त्यांना घडवले तेथे जाऊन ते मुलांना शिकवत बसले, तेव्हा क्लबांचा झगमगाट त्यांना अनुभवून झालेला होता.

शासनाने त्यांची कदर केली नाही असे नाही. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा तो मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू. १९९० साली पद्मश्री आली. जागतिक फुटबॉल महासंघानेही २००४ मध्ये सन्मान केला. मात्र प्रशिक्षकांसाठी असलेला द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना कधीच मिळाला नाही. फुटबॉलमधील पहिला द्रोणाचार्य १९९० साली नईमुद्दीन यांना मिळाला, म्हणजे बँकॉकमध्ये पी. केंच्या हाताखाली कर्णधार असलेल्या खेळाडूला. नईमुद्दीन यांची योग्यता निर्विवाद आहे. पण शिष्य द्रोणाचार्य ठरतो आणि गुरू अर्जुनच राहतो, ही गंमत आपल्या क्रीडाखात्यालाच सुचू शकते. त्यानंतर तर या पुरस्कारासाठी फुटबॉलमधल्या कोणाचेही नाव कैक वर्षे पुढे आले नाही. डेम्पोला पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे गोव्याचे आर्मांडो कुलासो यांना तो २०२४ चा जीवनगौरव म्हणून लाभला.

पुरस्काराचे दुःख एकवेळ गिळता येईल. चिंता आहे ती मघाच्या प्रश्नाची. पी. के. रेल्वेतून आले, रहीम यांचा संघ पोलिसांचा होता. मुंबईतही कॅल्टेक्स, मफतलाल, टाटा, महिंद्र, एअर इंडिया अशा कंपन्यांचे आणि कचेऱ्यांचे संघ होते. त्या व्यवस्थेला दोष पुष्कळ होते. हजेरीपटावर सही करून खेळाडू मैदानावर जाई आणि त्याच्या टेबलावरच्या फायली शेजारचा कारकून निकालात काढी. अशा शेजारच्या कारकुनांपैकी काही वाचक हा लेख वाचत असतील. तरीही गरिबाघरच्या मुलाला त्या व्यवस्थेने एक आश्वासन दिले होते. खेळ संपला तरी घर चालेल. जो पस्तिसाव्या वर्षी उपाशी पडणार नाही, तोच तिसाव्या वर्षी शिकायला जाऊ शकतो.

हे संघ गेले. महिंद्र युनायटेड २०१० साली आणि पंजाबचा जे. सी. टी. २०११ साली बंद पडला. एअर इंडिया आणि ओ. एन. जी. सी. २०१३ साली परवान्याच्या निकषांत बसत नाहीत म्हणून राष्ट्रीय लीगमधून वगळले गेले. २०१४ पासून इंडियन सुपर लीग आली. तिने खेळाडूंना पूर्वी स्वप्नातही न दिसलेले मानधन दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रशिक्षकाची खुर्ची तेथे बहुतांशी परदेशी माणसासाठी राखलेली राहिली. खालिद जमील यांची २०२१ साली नॉर्थईस्ट युनायटेडवर पूर्ण वेळ नेमणूक झाली, तेव्हा त्या लीगमध्ये असे पद मिळणारे ते पहिले भारतीय ठरले. म्हणजे त्याला सात वर्षे लागली. राष्ट्रीय संघाचे तर २०१२ साली गोव्याचे सावियो मदेरा पायउतार झाल्यापासून २०२५ पर्यंत सारे प्रशिक्षक परदेशी होते. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथेही जमील यांचीच निवड झाली. ते मुंबईत खेळले ते महिंद्र आणि एअर इंडियाकडून, हा योगायोग नव्हे. जुन्या व्यवस्थेची ती बहुधा अखेरची देणगी आहे. त्यांच्या कारकिर्दीत तीन महिन्यांच्या आत मडगावला सिंगापूरकडून हार पत्करावी लागली आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले, तेव्हा भारतीय प्रशिक्षकाच्या वकुबाविषयी शंका काढणारे लगेच पुढे सरसावले. एवढी घाई आपण परदेशी प्रशिक्षकांच्या बाबतीत सहसा करत नाही.

परदेशी माणूस नको, असा हट्ट येथे नाही. क्रॅमर जपानमध्ये परदेशीच होते. पण जपानने त्यांच्याकडून सामने जिंकून घेण्यापेक्षा शिक्षक तयार करून घेतले. मेक्सिकोला पदक मिळाले तेव्हा मुख्य प्रशिक्षकाच्या जागी केन नागानुमा हे जपानी गृहस्थ होते आणि क्रॅमर सल्लागार होते. आपण पाहुण्या पंतोजीला बोलावतो, दोन वर्षांनी त्याची बोळवण करतो आणि तो गेला की त्याची वहीही त्याच्याबरोबर जाते.

यातून मार्ग काढायचा तर नवी संस्था, नवी समिती असे काही नको आहे. रेल्वेचा संघ आजही संतोष करंडकाच्या स्पर्धेत उतरतो. देशभर रेल्वेच्या वसाहती आहेत, त्या वसाहतींत मैदाने आहेत, आणि खेळाच्या जोरावर नोकरीला लागून आता खेळणे थांबलेली माणसे ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत बसली आहेत. त्यांतल्या निवडकांना प्रशिक्षणाचा परवाना मिळवण्यासाठी दोन वर्षांची पगारी रजा द्यावी. तो अभ्यासक्रम इंग्रजीच्या धाकाने अडत असेल तर मराठीत, बंगालीत, मल्याळीत उपलब्ध करावा, कारण बारा वर्षांच्या मुलाशी ज्या भाषेत बोलायचे ती भाषा परीक्षेतही चालायला हवी. आणि परत आल्यावर त्यांना फायलींवर न बसवता वसाहतीच्या मैदानावर नेमावे. रेल्वे मंडळाला यासाठी कायदा बदलावा लागणार नाही. एक परिपत्रक पुरेल.